दामल्यांच्या मागची गाडी

बर्फ आणि किस्से एकाच चालीनं साचतात. पडताना आवाज होत नाही, आणि सकाळी पाहावं तर दार उघडत नाही. ओहायोतल्या डब्लिन गावी मुलाकडे राहायला येऊन मला सहा हिवाळे झाले. एवढ्या काळात दारापुढचा बर्फ दर वर्षी वितळला, दामल्यांचे किस्से मात्र तसेच पडून आहेत. आज जरा फावडं मारतो.

दामले आमच्या शेजारचे. वय एकाहत्तर. तिकडे रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. "सिग्नल हिरवा आहे म्हणून रूळ मोकळा आहे असं समजू नये," हे त्यांचं जीवनाचं सार. मी बत्तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळलं, त्यामुळे संशय घेण्याची सवय मलाही आहे. पण माझा संशय कागदापुरता. दामल्यांचा हवामानखात्यापासून स्टॉप साइनपर्यंत सगळ्यांवर.

आमचा शनिवारचा कट्टा गावच्या लायब्ररीत भरतो. तिथे जायला दामल्यांची गाडी. पुढे मी. मागे माझी बायको विमल आणि लेकीकडे राहणाऱ्या नागपूरच्या सुलभामावशी. आमची मुलं शनिवारी नातवंडांना पोहायला आणि गणिताच्या क्लासला पोचवण्यात गुंतलेली, दामल्यांचा मुलगा शनिवारी सकाळी जिममध्ये. म्हणजे दामल्यांची गाडी बंद, तर आम्ही चौघं थँक्सगिव्हिंगपासून मार्चपर्यंत बेसमेंटमध्ये!

आणि ती बंद व्हायची वेळ आलीच होती. दामल्यांचा मुलगा निखिल माझ्यादेखत, किचनमध्ये उभा राहून म्हणाला, "बाबा, एक डेंट, एक स्क्रॅच दिसला, की किल्ली माझ्याकडे. फक्त विंटरपुरती. मार्चमध्ये परत देईन."

 दामल्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटायच्या आत बाहेर काढलं.

*

बर्फ पडला की निखिल गाडीच्या काचेवर ताटाएवढं भोक पाडतो आणि ऑफिसला निघतो. "तेवढं दिसलं की झालं, काका." टपावर फूटभर बर्फ तसाच.

दामले खराटा घेऊन पाऊण तास गाडी झाडतात. टप, बॉनेट, सगळ्या काचा, मागचे दिवे, पुढचे दिवे, आरसे. "टपावरचा बर्फ ब्रेक मारल्यावर पुढच्या काचेवर येतो. मग आंधळी कोशिंबीर," असं ते सांगतात. एका शनिवारी ते नंबरप्लेट फडक्यानं पुसत होते, तेव्हा समोरचा गोरा शेजारी कुत्र्याला घेऊन थांबला. बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"गाडी विकताय का?"

"नाही," दामले म्हणाले, "चालवतोय."

*

दामल्यांच्या डिकीत मांजराच्या शीचा भुसा असतो. म्हणजे मांजर शी करायला वापरतं ती मातीची मोठी पिशवी. बर्फात चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ती माती चाकाखाली टाकायची, पकड मिळते. पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. दामल्यांच्या घरात मांजर नाही, हे मात्र ठाऊक होतं.

"मांजर दुसऱ्या घरी असेल," विमल एवढंच म्हणाली. त्या 'दुसऱ्या घरी'वर तिनं आणि मावशींनी एक अख्खा आठवडा काढला.

पुढच्या शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी रुतली. चाक गरगर फिरतंय, गाडी तसूभर हलत नाही. दामले उतरले, डिकी उघडली. पिशवी गायब!

"ती होय?" विमल म्हणाली. "मी सूनबाईच्या मैत्रिणीला दिली. त्यांच्याकडे खरंच मांजर आहे."

दामले तिच्याकडे बघतच राहिले. रेल्वेत असते तर त्यांनी चौकशी लावली असती. तेवढ्यात मावशींनी आपल्या पिशवीतून जाड्या पोह्यांची चार पौंडांची पुडी काढली, दातानं फोडली, दोन्ही चाकांपुढे अर्धी अर्धी ओतली आणि ओरडल्या,

"भाऊ, भिजायच्या आत काढा!"

निघाली गाडी.

*

रस्ता घसरडा असला की दामले पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवतात, की पुढे गाडी आहे हेही आम्हाला सांगोवांगी कळतं. पंचवीस मैलांच्या वर काटा जात नाही. मागून हॉर्न वाजतात. अमेरिकेत हॉर्न म्हणजे शिवी, त्या हिशेबानं आम्ही दर शनिवारी भरपूर शिव्या खातो.

एकदा एक पिकअप ट्रक मोठ्यांदा हॉर्न मारत ओव्हरटेक करून गेला. चारही चाकं चालवणारी दणकट गाडी. "चारही चाकं चालतात म्हणून चारही चाकं थांबतात असं नव्हे," दामले पुटपुटले.

दोन मैलांवर तोच ट्रक दिसला. रस्त्याकडेच्या खड्ड्यात, तोंड आमच्याकडे करून.

मावशींनी काच पुसून नीट पाहिलं. "त्याला परत जायचं असेल."

*

एका सकाळी दामले आम्हाला लायब्ररीऐवजी एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. सहा इंच ताजा बर्फ, चिटपाखरू नाही. आणि तिथे त्यांनी गाडी मुद्दाम घसरवायला सुरुवात केली! गाडी भोवऱ्यासारखी फिरते, मागे दोघी रामरक्षा म्हणतायत, आणि दामले वर्गात शिकवावं तसे शांतपणे सांगतायत, "गॅसवरचा, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा, पाय काढायचा. ब्रेक दणकन दाबायचा नाही. जिकडे जायचंय तिकडे बघायचं, जिकडे घसरतोय तिकडे नाही."

चौथ्या गिरकीला निळे-लाल दिवे दिसले. पोलीस! तो चालत आला, वाकून आत पाहिलं.

"काय चाललंय?"

"घसरायचा सराव," दामले म्हणाले.

त्यानं कानटोप्या घातलेल्या आम्हा तिघांकडे संशयानं पाहिलं. "आणि हे?"

"साक्षीदार."

पोलिसाला काय समजलं कोण जाणे. तो बाजूला सरकला, गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा एकदा करून दाखवा."

*

आता एक कबुली. किल्लीचं बोलणं झालं त्याच आठवड्यात निखिलनं मला मेसेज केला होता. "काका, बाबा नीट चालवतात का? फक्त तुम्हालाच विचारतोय. दर शनिवारी पोचल्यावर कळवाल? बाबांना प्लीज सांगू नका."

कचेरीत असताना साहेबाच्या ड्रायव्हरचे गोपनीय अहवाल मीच लिहीत असे. हात बसलेला होता. "वाहनचालकाची वर्तणूक समाधानकारक. प्रवास सुरळीत." दर शनिवारी हेच. पार्किंगमधल्या गिरक्यांच्या दिवशीही हेच. बेसमेंटची आठवण झाली की माझी लेखणी सरळ चालते.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. लायब्ररीत पोचलं की विमल पाच मिनिटं तोंड फिरवून फोनमध्ये बघायची. आणि मावशी, ज्यांना एरवी फोनचं कुलूप उघडायला नात लागते, त्या कोपऱ्यात उभ्या राहून एका बोटानं काहीतरी टाइप करायच्या.

"काय लिहिता?" मी विचारलं.

"तुम्ही काय लिहिता?" विमल म्हणाली.

विषय तिथेच संपला.

*

आणि मग ती गाडी आली.

पहिल्यांदा तिला आरशात पाहिलं दामल्यांनीच. "मोहिते, मागे बघू नका. पण मागे बघा."

शंभर पावलांवर एक गाडी. टपावर फूटभर बर्फ, बॉनेट पांढरं, नंबरप्लेट गडप, काचेवर ताटाएवढं भोक. चालवणाऱ्याचा चेहरा काही दिसेना. बर्फाखाली सगळ्या गाड्या एकाच जातीच्या. आम्ही पंचवीसनं, तीही पंचवीसनं. आम्ही वळलो, ती वळली. लायब्ररी आली तशी ती पुढे निघून गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच!

"अमेरिकेत आपल्या मागे स्वखुशीनं राहणारा माणूस," दामले म्हणाले, "एक तर पोलीस, नाही तर चोर."

"इन्शुरन्सवाले पाळत ठेवतात म्हणे," मी म्हणालो.

"त्या दुसऱ्या घरचं कुणी असेल," विमल मावशींच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तिसऱ्या शनिवारी आदल्या रात्री पाऊस पडून वर थंडी पडलेली. रस्ता नुसता ओला दिसत होता. दामल्यांचा ओल्या रस्त्यावर तर विश्वासच नाही. "थंडीत रस्ता ओला दिसला की तो काच आहे असं धरायचं." नदीवरच्या पुलाच्या बऱ्याच आधी त्यांनी गॅस सोडला. "पूल रस्त्याच्या आधी गोठतो. खालून वारा असतो." काटा पंधरावर आला.  गाडी पुलावरून अशी गेली, जशी देवळात पायरीवरून म्हातारी.

मागे धप्प आवाज झाला.

ती गाडी पूल ओलांडताना एक गिरकी घेऊन, कठड्याला पुढून घासून, पलीकडच्या खड्ड्यात जाऊन बसली होती. दामल्यांनी ब्रेक मारला नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर नेऊन गाडी नीट रेघांच्या आत लावली आणि म्हणाले, "बसून राहा." ते कडेच्या गवतातून मागे चालू लागले.

आम्ही बसून राहिलो. खिडकीकडे तोंड करून तिघांनीही आपापले फोन काढले. मी लिहिलं: "पूल अत्यंत काळजीपूर्वक पार केला. वर्तणूक उत्तम." मग काही राहवेना, तिघंही उतरलो आणि गवत धरून धरून दामल्यांपाठोपाठ निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा ते गाडीचं दार उघडत होते. आत पट्टा लावलेला, एअरबॅगचा फुगा फुटून चेहऱ्यावर पांढरी पूड उडालेला, पण धडधाकट निखिल बसला होता.

"जिम इकडे हलवलं का रे?" दामल्यांनी विचारलं.

"बाबा, आय वॉज जस्ट... तिघांचं रिपोर्टिंग इतकं सेम येत होतं, की मला डाऊट आला."

त्याचा फोन समोर स्टँडवर लावलेला, स्क्रीन उजळलेली. त्यावर एकाखाली एक तीन मेसेज. दामल्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचले. माझा. मग विमलचा: "दामलेभावजी देवमाणूस आहेत." मग मावशींचा, ज्यात नुसते आठ नमस्कार आणि एक मोटार होती.

त्यांनी वळून आम्हा तिघांकडे पाहिलं. आम्ही नदीकडे पाहिलं.

मग ते गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले. पुढचा बंपर लोंबत होता. दारावर हातभर ओरखडा होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून हात पुढे केला. वर चढायला आधार देतायत असं समजून निखिलनं आपला हात दिला.

दामल्यांनी तो बाजूला केला.

"किल्ली," ते म्हणाले. "फक्त विंटरपुरती. मार्चमध्ये परत देईन."