डांबर लावलेली काहील

१९७५. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ठिकाण: कुरुंद्याच्या शिवारातला पाझर तलाव. हजर: माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, दादाचा नवा जावई, दिवाळसणासाठी आलेला, वहिनी, भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि मी. काहील एक. काहिलीत बसायच्या जागा दोन.

काहील म्हणजे हळद उकडायची मोठी लोखंडी कढई. आमच्याकडे हळद फाल्गुनात शिजते. उरलेलं वर्ष काहील गोठ्यामागे रिकामी पडलेली असते. दुष्काळी कामावर लोकांनी खोदलेला तलाव पहिल्यांदा भरला, त्यात मासळी झाली, तेव्हा दादानं काहील बैलगाडीत घालून तलावावर आणली आणि पाण्यात सोडली. तीच आमची नाव. गोल असल्यामुळे तिला पुढचं-मागचं काही नाही. वल्हं एका बाजूला मारलं की ती जागच्या जागी गिरकी घेते. म्हणून दोघांनी समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि एकानं उजवीकडं मारलं की दुसऱ्यानं त्याच वेळी आपल्या उजवीकडं ओढायचं. हे जमायला आम्हाला एक पावसाळा लागला. नंतर बोलायचीही गरज राहिली नाही. मी वसमतला गोदामात भांडारपाल होतो. सहा दिवस पोती, खिळे, पत्रे मोजायचे आणि सातव्या दिवशी सायकल काढून दादासमोर जाऊन बसायचं, हा माझा आठवडा. मला त्यातला सातवा दिवसच खरा वाटायचा.

सामान मी सांभाळायचो. दादा गळ कुठंही खोचून ठेवायचा, एकदा तर टोपीत. मी गळ गोडेतेलाच्या फडक्यात गुंडाळून तंबाखूच्या डबीत ठेवायचो, लहान-मोठे वेगळे. टोक बोथट झालं की नखावर ओढून बघायचं; नखावर घसरलं तर घासायला काढायचं, रुतलं तर चालेल. नायलॉनचा धागा उन्हात टाकायचा नाही, तो आतून कुजतो आणि वरून दिसत नाही. काठी वेळूची, पेरं जवळ-जवळ असलेली. आमच्या तलावात मरळ होती. बुडालेल्या बाभळींच्या मुळाशी ती दबा धरून बसते आणि जिवंत बेडकावर एकदम झडप घालते. झडप घातली म्हणून लगेच ओढायचं नाही. तिला बेडूक गिळू द्यायचा, मग ओढायचं. दादाला हा दम धरता यायचा नाही. म्हणून तो माझ्याकडं बघायचा, मी मान हलवली की ओढायचा. आमच्या भावकीत दादा कुणाचं ऐकत नसे. मरळ मात्र माझ्या मानेवर ओढायचा.

तर त्या रविवारी मी सवयीनं चपला काढल्या, पाणी उपसायचा डबा घेतला आणि काहिलीपाशी गेलो.

"थांब धाकट्या," दादा म्हणाला. "आज जावईबापू बसतेत."

जावईबापू चोवीस-पंचवीस वर्षांचे. येलदरी धरणाच्या वसाहतीत वाढलेले, वडील तिथंच नोकरीला. अंगावर दादानं दिवाळसणाला शिवलेली टेरिकॉटची पँट. हातात जोडणीची काठी, तिला चकचकीत फिरकी, आणि धाग्याच्या टोकाला बेडकाऐवजी पितळी चमचा, पाण्यात ओढला की माशासारखा चमकणारा.

"काका, तुमाला तकलीफ न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"तकलीफ कसली जावईबापू," मी म्हणालो. "बसा की."

माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसाला अहो-जाहो करत मी काहील धरून उभा राहिलो आणि ते माझ्या जागेवर बसले. दादानं स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्या खाली अंथरलं. इतक्या रविवारांत माझ्या खाली त्यानं कधी पोतंही टाकलं नव्हतं.

मी काठावर वहिनीशेजारी बसलो. जावईबापूंनी हात डोक्यामागून फिरवून चमचा फेकला. काहिलीनं गिरकी घेतली. मला वाटलं, आता दादा ओरडणार; माझ्या एका शिंकेवर तो ओरडायचा. दादा हसला. मोठ्यानं, तोंड उघडून हसला. पुन्हा फेक, पुन्हा गिरकी, पुन्हा हसणं. वहिनीही पदर तोंडाला लावून हसत होती.

"दोघं लेकरावानी करून राहिलेत," ती म्हणाली. "तुमी काहून गप, भाऊजी?"

"मासे बुजतात," मी म्हणालो.

मासे बुजले नाहीत. चमच्याला मरळ लागली, आणि ती मी कधीही न काढलेली, जावईबापूंच्या हाताएवढी लांब. त्यांनी दम धरला नाही, मान हलवायला मी समोर नव्हतो, तरी ती आली. दादानं ती काहिलीतून उचलून मला दाखवली. "बघ धाकट्या! बघ!" मी बघितली. ती मरळ मला अजूनही सलते, आणि ते सलणं कमी झालंय असं मी लिहिणार नाही.

काठावर उतरल्यावर जावईबापूंच्या नव्या पँटीवर मागून गंजाचा लाल डाग पडलेला दिसला. काहिलीचे तुकडे रिव्हेटांनी जोडलेले असतात आणि त्यातून थोडं पाणी झिरपतंच. त्यासाठी आमचा एक इलाज होता. मेण वितळवायचं, त्यात चाळलेली राख कालवायची आणि गरम असतानाच रिव्हेटाच्या फटीत बोटानं दाबायचं. दिवाळी ते माघ ते टिकतं. फाल्गुनात काहील चुलीवर चढायच्या आधी रिकामीच तापवायची, की मेण सुटतं, राखेनं घासली की लोखंड मोकळं. त्या वर्षीचं मेण लावायचं राहिलं होतं, कारण ते आम्ही दोघं मिळून लावायचो आणि दिवाळसणाच्या धावपळीत दादाला वेळ नव्हता.

दादानं त्यांना मेणाचं सांगितलं. "मामा, मेण काय करतं?" जावईबापू त्याला म्हणाले. "आमच्याकडं धरणावर खात्याच्या नावा आहेत. दरसाल डांबर लावतेत. थेंब येत न्हाई आत."

"त्या नावा लाकडाच्या," मी म्हणालो.

"लाकूड काय अन् लोखंड काय, काका, पाणी तेच."

"पण हिच्यात हळद शिजवायची असते, जावईबापू. वास लागंल."

मी हे बोललो. वहिनीनं ऐकलं. दादानंही ऐकलं.

"घासून काढू की," दादा म्हणाला. "जावईबापू म्हणतेत ते बराबर हाय."

काहिलीवर कुणी चुकून कुदळ टेकवली तरी तिथल्या तिथं शिव्या देणारा माझा भाऊ. दुसऱ्याच दिवशी सडकेच्या कामावरून डांबराचा डबा आला. सासऱ्या-जावयानं मिळून काहिलीला आतून रिव्हेटांवर आणि बाहेरून सगळ्या बुडाला डांबर लावलं. मी तेव्हा वसमतला गोदामात होतो. रविवारी आलो तर काहील बैलासारखी काळीभोर, उन्हात तुकतुकत होती.

त्यानंतर जावईबापू सणावारीच नाही, आडवारीही येऊ लागले. पुतणीला माहेर आवडतं, असं कारण सांगत. मला कारण माहीत होतं. ते आले की मी काठावर, नसले की काहिलीत. पण ते नसतानाही दादा बदलला होता. मी मान हलवायच्या आधीच तो ओढायचा आणि मासा निसटला की म्हणायचा, "जावईबापूंच्या चमच्याला हा गेला नसता." मीही नांदेडहून एक चमचा मागवला. बेडकाच्या गळापेक्षा त्याचं काम वेगळं असतं. तो सतत ओढत राहावा लागतो, आणि बाभळीच्या मुळांत अडकला की धागा सैल सोडून दुसऱ्या बाजूनं सोडवावा, हिसका देऊ नये. हे मी शिकलो. दादाला दाखवायला म्हणून शिकलो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "हा. असंच करतेत ते."

फाल्गुन आला. हळद काढून झाली. बेण्याची हळद न्यायला जावईबापूंचे वडील, आमचे व्याही, मुलासह आले होते. दादानं डांबर घासलं होतं, हे मी सांगितलं पाहिजे. वाळूनं, विटेनं, शेवटी विळ्यानं. पण रिव्हेटाच्या फटीत गेलेलं डांबर विळ्याला दिसत नाही. काहील चुलवणावर चढवली, हळद भरली, पाणी ओतलं, वर हळदीचा पाला झाकला आणि जाळ घातला.

आधी बुडाचं राहिलेलं डांबर पेटलं. काळा धूर उठला, शेजारच्या शेतातली माणसं बांधावर आली. मग पाण्याला उकळी फुटली आणि पाल्याच्या कडेनं काळी साय वर आली. वास असा सुटला की सडकेचं कामच मळ्यात आलंय. वहिनीनं एक कांडी काढून मोडली, नाकाला लावली आणि खाली ठेवली.

"हे काय हो?" व्याह्यांनी विचारलं. "डांबर कुणी लावलं हळदीच्या भांड्याला? एवढी अक्कल कुणाची?"

जावईबापू नाकाला रुमाल लावून धुराकडं बघत होते.

"आमच्या धाकट्याची," दादा म्हणाला. "मासे धरायचं याड हाय त्याला."

बांधावरचा एकजण मोठ्यानं हसला. "गोदामवाला हाय त्यो! पोत्यालाबी डांबर लावंल!"

मी तोंड उघडलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिची पोरगी त्या घरात नांदत होती आणि तिला दुसरा महिना होता, हे मला त्या बघण्यातनं आठवलं. मी तोंड मिटलं.

व्याह्यांनी मला चार शब्द सुनावले. समजुतीचे, मोठेपणाचे. मी "व्हय, व्हय" म्हणत राहिलो. शेजारच्यांची काहील मागून आणली आणि उरलेली हळद त्यात शिजली. बिघडलेली वेगळी वाळवली. ती ढोरांच्या जखमेला लावायला ठेवली आणि त्या कामाला ती बरी निघाली, माश्या बसत नव्हत्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मला वाटलं, आता दादा काहीतरी म्हणेल. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "तू घरचा हायस," म्हणाला. "तुला बोललं तर काय बिघडतं?"

"जावईबापू घरचे न्हाईत का?"

"जावई तो जावई," दादा म्हणाला. एवढंच. पुढं म्हणाला, "काहील आता हळदीच्या कामाची न्हाई. तूच ने. तुझीच झाली."

लोक म्हणतात, भावानं एवढी महाग वस्तू दिली, अजून काय पाहिजे? वहिनीही म्हणाली, की घरच्यालाच असं पुढं करतात, त्यात मानच आहे. मला असला मान नको होता. मला माझी जागा हवी होती, आणि ती त्याच दिवशी गेली. कारण दादा जे खोटं बोलला ते निभवायचंही त्यालाच होतं. ज्या भावानं हळद नासवली त्याच्याबरोबर लगेच रविवारी काहिलीत बसून हसता येत नाही; गाव विचारणार, राग कुठं गेला? म्हणून दादा माझ्यावर रागावलेला राहिला. आधी दाखवायला. मग मला वाटतं सवयीनं. जावईबापू आले की दोघं काठावर बसून चमचे फेकतात. मी लांब काहिलीत, समोर वाळूचं पोतं ठेवून. पोतं वल्हं मारत नाही. एकट्यानं काहील सरळ न्यायची तर वल्हं पाण्याबाहेर न काढता आठ काढल्यासारखं फिरवायचं, आणि वारा समोरून असेल तर निघायचंच नाही.

गेल्या वर्षी पोळ्याला जावईबापू तलावावर माझ्याजवळ आले. कडेवर लेकरू होतं. त्यांनी काहिलीवरून हात फिरवला.

"काका," अगदी मायेनं म्हणाले, "राग मानू नका. पण लोखंडाला डांबर लावत नसतात. मेण लावायचं असतं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की मीच लावलं. त्यांनी आपल्या मनातही ते माझ्या नावावर चढवून टाकलं होतं. दादा मागं उभा होता. त्यानं ऐकलं आणि पाण्याकडं बघितलं.

"व्हय, जावईबापू," मी म्हणालो. "चुकलंच."

या हंगामात काहिलीची कामं अशी झाली. दोन रिव्हेट नवे मारून घेतले. कडेला दोर बांधायला कडी बसवली. आतलं डांबर उन्हात मऊ करून, चिंधीनं रॉकेल लावून, फटीफटीतनं काढलं आणि मेण-राख भरली. वल्ह्याला अळशीचं तेल दिलं. गळ घासले. राहिलं ते बाहेरचं बूड. त्याच्यावरचं जळून उरलेलं डांबर पापुद्र्यांनी सुटतंय आणि खालून गंज धरतोय, म्हणून ते पावसाआधी खरवडायलाच हवं. त्यासाठी काहील पालथी करावी लागते, आणि ते एका माणसाचं काम नाही. गोदामातल्या हमालाला आणता येईल. शेजारचाही येईल. मी दादाला सांगितलंय. "बघू," म्हणाला. दोन रविवार मी विळा आणि वीट घेऊन जाऊन आलो. काहील अजून सुलटीच आहे.