शेंदराचा धोंडा आणि आमचं तळं

चार माणसं चांगलं काम करायला निघाली की काम राहतं बाजूला, किस्से तेवढे जमत जातात. आमच्या तळं वाचवायच्या मंडळाचंही तसंच! राहनाळच्या अंगाला आमचं गाव. चारी बाजूंनी गोडाऊनं, मधे एकच तळं, आणि त्यात डंपर येऊन डेब्रिज ओतणार. तळं बुजलं की गावच्या विहिरी गेल्या, हे कळायला मला शाळा लागली नाही.

मंडळात आम्ही तिघं: मी, शेजारची जुबेदा आणि रिटायर झालेले पाटीलसर. तिघंही देवाधर्माची. म्हणजे काही करायचं तर आधी कुणाला तरी विचारायचं!

*

सरांनी त्यांच्या महाराजांना विचारलं, "डंपर अडवताना राग येतो. पाप लागेल का?"

महाराज डोळे मिटून म्हणाले, "आधी मनातलं तळं स्वच्छ करा."

मी मागूनच ओरडले, "महाराज, मनातल्या तळ्यात डंपर येत न्हाय!"



*

मग मी कुणालाच विचारलं नाही. माझा कपडे धुवायचा धोंडा काठावर उभा केला, शेंदूर फासला, हार घातला.

सकाळी डंपर आला. ड्रायव्हर उतरला, चपला काढल्या, हात जोडले. "माताजी, मंदिर है तो पहले बोलना था ना!"

गेला की भरलेला डंपर घेऊन माघारी!

*

जुबेदाचा जीव मात्र खाली-वर. गेली मौलानांकडे.

ते म्हणाले, "पाणी वाचवणं सवाबाचं, पुण्याचं काम. पण शेंदूर तू कालवलास का?"

"तौबा! मी फक्त तेल दिलं!"

मौलानांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी फावडं दे."

*

डंपर थांबले, पण धोंड्याची देवी झाली आणि भक्त सुरू झाले! नारळ, अगरबत्त्या, आणि निर्माल्य पिशवीसकट तळ्यात. एकीचा मी हातच धरला.

"देवीला प्लास्टिक चालत न्हाय!"

"तुम्हाला काय म्हाईत, आजी?"

आता हिला काय सांगू? मला नाही तर कुणाला माहीत!

*

आणि मग एक दिवस गोडाऊनवाला शेठच आला, पेढे घेऊन. देवीला मोठं मंदिर बांधून देतो म्हणाला. हॉल, पार्किंग, सगळं. फक्त तळ्यावर भराव टाकावा लागेल.

गाव खूष! मी मात्र कात्रीत. खरं बोलावं तर देवी गेली, डंपर परत. गप्प बसावं तर तळंच गेलं.

शेवटी ठरलं, देवीलाच कौल लावायचा. गुरवाने धोंड्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर भराव, डावी पडली तर तळं राहिलं. सगळं गाव श्वास रोखून. सर डोळे मिटून. जुबेदा माझ्या मागे, पदर घट्ट धरून.

पाकळ्या हलेनात. ऊन चढलं. उजवी जराशी सुटली, लोंबायला लागली. माझे हात कधी जोडले गेले कळलंच नाही.

"आई, डावी दे गं. पाया पडते तुझ्या, डावी दे!"

जुबेदा कानाशी कुजबुजली, "अक्का, अगं तुझाच धोंडा ना तो? आई कुणाला म्हणतेस?"

"गप्प बस! ऐकेल ना ती!"