स्मरणिकेत न आलेली ओळ

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला, तेव्हा नागरिकांच्या समितीने एक स्मरणिका काढायचे ठरवले आणि ‘विद्यापीठाने गावाला काय दिले?’ हा लेख माझ्याकडे सोपवला. मी निवृत्त शिक्षक. आधी मुद्दे काढावेत, मग माहिती गोळा करावी, मग लिहावे, हा क्रम मी मुलांना आयुष्यभर शिकवला होता, तोच पाळला. वही घेऊन आमच्या आळीतील घरे फिरलो.

कोणी विद्यार्थ्यांमुळे चाललेल्या खाणावळीविषयी सांगितले, कोणी भाड्याने दिलेल्या खोल्यांविषयी, कोणी वाढलेल्या एसटीच्या फेऱ्यांविषयी. मुद्दे चांगले जमत होते. मात्र बहुतेक घरी शेवट एकच होई. मला परसात नेले जाई आणि एखाद्या आंब्याच्या बुंध्यावर थाप पडे.

“गुरुजी, हा तुमच्या भावाचा हात,” खाणावळवाल्या बाई म्हणाल्या. “एक कलम मेलं नाय.”

“तुमच्या मुलाला पाढे मी शिकवले,” मला राहवले नाही.

“शिकवलेत ना! तो आता ठाण्याला असतो.” त्या हसल्या. “आंबा हाय तो इथंच.”

माझा धाकटा भाऊ दहावीत दोनदा नापास झाला आणि विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागला. गावठी कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची, हे त्याचे काम. सुट्टीच्या दिवशी तो शेजाऱ्यांचीही कलमे बांधून देई. घरात हुशार मी होतो. वडील पाहुण्यांपुढे माझीच गुणपत्रिका ठेवत. ‘हेवा’ हा शब्द मी मुलांना वाक्यात उपयोग करण्यासाठी अनेकदा दिला. त्याचा अर्थ मला त्या परसांमध्ये कळला.

घरी येऊन मी लिहिले: ‘विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून आलेल्या कलमांनी गावाची परसे भरली.’ वाक्य निर्दोष होते. त्यात भाऊ कुठेच नव्हता.

कच्चा लेख मी त्याला पडवीत वाचून दाखवला. खरे सांगायचे तर त्याचे मत घेण्यासाठी नव्हे, ऐकवण्यासाठीच वाचला. कलमाच्या परिच्छेदावर त्याने हात वर केला.

“दादा, काडी कापून मग पानं काढतात असं लिहिलंयस?”

“मग?”

“उलटं. पानं झाडावरच काढायची, देठ ठेवून. आठवडाभरात टोकाचा डोळा फुगतो, मग काडी कापायची. नायतर कलम धरत नाय. विद्यापीठातली पोरं हसतील तुला.”

मी निमूटपणे दुरुस्ती केली. तो उठता उठता थांबला.

“आम्हा कलमं बांधणाऱ्यांवर एक ओळ टाकशील? माझं नाव नको. सगळ्यांवर. छापलेली बघायची होती.”

“शब्दमर्यादा आहे,” मी म्हणालो.

मर्यादा होती हे खरे. पण एका ओळीपुरती जागा शिल्लक होती, हेही मला ठाऊक होते.

समारंभाच्या दिवशी स्मरणिका वाटली गेली. भावाने मांडवातच ती उघडली, माझा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पुन्हा एकदा कलमाच्या परिच्छेदावर बोट फिरवले आणि ती मिटून मांडीवर ठेवली. 

चहाच्या वेळी एक वयस्कर प्राध्यापक आम्हा दोघांपाशी आले. फळबागांचा विषय शिकवण्यात त्यांची हयात गेली होती.

“गुरुजी, काडीची पानं आधी काढायची, हे बाहेरचा माणूस सहसा बरोबर लिहीत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?”

उत्तर दोन शब्दांचे होते आणि ते माझ्या शेजारी उभे होते. मी घसा साफ केला. शब्दांची जुळणी करू लागलो, जणू तेही मुद्देसूद सांगायचे होते.

“दादाला असतं माहीत,” भाऊ म्हणाला. “शिक्षक ना! विचारून विचारून लिहितो.”

प्राध्यापकांनी मान डोलावली, माझा हात हातात घेऊन अभिनंदन केले आणि ते पुढच्या ओळखीच्या माणसाकडे वळले.

मी भावाकडे पाहिले. त्याच्या बोलण्यात टोमणा सापडला असता, तर मला बरे वाटले असते. मी शोधला; नव्हता. हातातला चहा निवला होता. परसातल्या आंब्यांचा मला हेवा वाटला होता, पण तो भावाच्या या उत्तराच्या हेव्यापुढे काहीच नव्हता. कारण त्याच्या जागी मी असतो, तर मला ते सुचले नसते.