वळलेली मान

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये स्मृतिभ्रंशाची तपासणी ठेवली होती. माझा नंबर यायला वेळ होता, म्हणून समोरच्या टेबलाकडे बघत बसलो. डॉक्टरीणबाईंनी एका काकूंना विचारलं, "आज वार कोणता?" काकूंनी उत्तर देण्याआधी मान वळवून शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "गुरुवार." पुढच्या प्रश्नालाही तसंच झालं.

सुरुवातीच्या भाषणात बाईंनी हे लक्षणही सांगितलं होतं. रक्तदाब सांभाळा, रोज चाला, कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावा, माणसांत राहा. आणि घरातलं कुणी साध्या प्रश्नालाही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागलं, तर वेळीच दाखवून घ्या. मला हसूच आलं. चष्मा कुठे ठेवलाय इथपासून पुतणीच्या नवऱ्याचं नाव काय इथपर्यंत सगळं मी बायकोलाच विचारत आलोय. आम्ही पुरुषांनी अर्धी स्मरणशक्ती लग्नाच्या दिवशीच बायकोच्या हवाली केलेली. आमचा आजार ओळखायचा कसा? आणि तिला तो झाला, तर लक्षात कुणाच्या यायचा?

"काका, यांचं हे विसरणं कधीपासून सुरू झालं?" बाईंनी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला आणि सवयीने मान वळवली. "कधीपासून गं?"

या वेळी काकूंनी कुणाकडेही पाहिलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही आमटीत वरून मीठ घ्यायला लागलात ना, तेव्हापासून."