काजळी लावून प्यालेला चहा

आणीबाणीत आमच्या सांगलीच्या कॉलेजात शिव्या घालायला एकच सरकार मोकळं होतं, दक्षिण आफ्रिकेचं. इथल्या सरकारविरुद्ध शिंकलं तरी पोलीस दारात. तिथल्या गोऱ्यांना मात्र हवं ते बोला, प्राचार्य स्वतः पाठ थोपटणार. तिथे शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली आणि आमच्या कलापथकाला विषय सापडला. आम्ही वगनाट्य बसवलं. एक गोरा फौजदार, तोही काळ्यांतलाच एक, वरून पांढरा मुखवटा चढवलेला, बाकी आम्ही सगळे काळे. पोवाडा मी लिहिला आणि गायचोही मीच. माणसाला रंग विचारू नका, अशी त्यात एक ओळ होती. आता आठवली की तोंड कडू होतं.

पथकात बौद्ध मी एकटा. बाकीची पोरं उसाच्या बागायतीतली, दोघातिघांचे वडील फौजेत. वसतिगृहात आम्ही एका ताटात जेवायचो. आपण यांच्यातलेच झालो, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तेवढंच मला हवं होतं, आफ्रिका वगैरे सगळं त्यामागून.

थंडीत पलूसच्या बाजूला प्रयोग लावले. त्यातलं एक माझ्या मामाचं गाव. तव्याची काजळी खोबरेलात खलून आम्ही तोंडाला फासली आणि दिवस कलताना शाळेच्या पटांगणात उभे राहिलो. प्रयोग झकास रंगला. फौजदाराने काठी उगारली तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. मामा आणि त्याच्या वस्तीतली माणसं मागे, कडेला बसली होती. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

सरपंचांनी पथकाला घरी चहाला नेलं. तेलातली काजळी लवकर सुटत नाही, तोवर चहा निवेल, म्हणून तशाच काळ्या तोंडांनी आम्ही पडवीत बसलो. फुलाफुलांचे चिनी मातीचे कप आले. सरपंच खुशीत होते. म्हणाले, "घ्या रं गड्यांनो, लाजू नगा. आज तुमी समदी एका रंगाची!"

चहा पिऊन होतोय तोवर मामा अंगणात आला. माझा आवाज त्याने ओळखला होता. अंगणातूनच छाती काढून म्हणाला, "आवं सरपंच, त्यो गाणारा माझा भाचा! सख्ख्या बहिनीचा!" बिचाऱ्याला वाटलं, गावात आपली मान वर होईल. सरपंचांच्याच उसात तो जन्मभर राबत होता. सरपंच उठून आत गेले.

रात्री मी मामाकडेच राहिलो. सकाळी सरपंचांचा गडी सगळे कप पाटीत घालून मामाच्या दारात ठेवून गेला. निरोप एवढाच, "ह्ये तुमीच ठेवा." माझा उष्टा कप कुठला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तोंडं सारखीच काळी होती ना!

मामा भिंतीला टेकून खाली बसला. मामीने मात्र एकेक कप धुऊन पालथा घातला. म्हणाली, "झ्याक हायत. तुज्या दोस्तास्नी चा प्यायला बोलीव. काल ह्यातच प्याली की ती."

"नगं," मामा म्हणाला. तोवर तिने चुलीवर आधण ठेवलं होतं.

पथक शाळेत मुक्कामाला होतं. मी जाऊन झालं ते सांगितलं आणि म्हटलं, चला, मामीने चहा टाकलाय. सगळ्यांनी सरपंचांना शिव्या घातल्या, अगदी मनापासून. पण उठलं कुणी नाही. एकाचं पोट बिघडलं होतं. दुसरा पेटी बांधण्यात गुंतला. तिसरा हळूच म्हणाला, "सांगलीत कायबी चालतंय रं. हितं आमचं पावनं हायत." माझा खोलीतला सोबती खाली बघत म्हणाला, "माझा आज उपास हाय गड्या." लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी परत फिरलो.

मामीने कप सुलटे करून ओळीने मांडले होते. मी एकटाच आलेला बघून तिने मागे वाटेकडे पाहिलं. मला खरं सांगवेना. म्हटलं, "मामी, त्यांचा उपास हाय."

"उपासाला चा चालतोय की रं," मामी म्हणाली आणि चहा गाळायला बसली.