उलटी मोटार आन् बायकोचा झेंडू

आमच्या वाडीत मोटारीतलं माझ्याएवढं कळणारा दुसरा गडी न्हाई. ह्ये मी पारावर बसून सांगायचो, आन् त्याच साली माझीच मोटार बोरमधी उलटी फिरली.

आटपाडीच्या अंगाला आमची वाडी. पाणी बोरचं आन् लाईट तिच्या मर्जीची. म्हणून आमी बोरवर सोलर पंप बसिवला. एका बाजूला पॅनेल, दुसऱ्या बाजूला बोर, आन् मधी खांबावर एक करडा डबा. बसवायला आलेला पोरगा म्हनला, "काका, पॅनेलचा करंट सरळ आस्तोय, मोटारीला तीन तारंचा फिरता लागतोय. त्यो ह्यो डबा बनीवतो." मी अशी मान हलिवली, जसा काय डबा मीच घडिवलाय. शाळंत बी मी अशीच मान हलवायचो. मास्तरला वाटायचं ह्येला समदं कळलं. परीक्षा झाली, मग मास्तरला कळलं, आन् मी शेरडं राखाया गेलो.

त्या साली रानात मका करायचा माझा इचार हुता. बायको म्हनली, दसऱ्याला झेंडू. तिनं हट्टानं रोपं आणली, लावली, खुरपली. मला एवढंच सांगितलं, "पाण्याचं तेवढं तुमी बगा." म्हंजी अख्ख्या झेंडवात माझ्या वाट्याला एकच काम.

कळ्या धरल्या आन् बोरचं पाणी बारीक झालं. खालच्या जाळीत माती बसली आसंल म्हणून शेजारचा फौजी आन् मी पंप वर वढला, धुतला, परत सोडला. फौजी म्हंजी पेन्शनीत आलेला माणूस, पर अजून बोलतो ऑर्डर दिल्यागत. डब्यात केबलच्या तीन तारा जोडायला लागलो तवा त्यो म्हनला, "कुठली कुठं हुती, ध्यानात हाय का?"

म्या म्हनलं, "तिघी सख्ख्या भणी हायत. कुणी कुठंबी बसंल."

बटन दाबलं. डब्यावर आकडे आलं, मोटार घुमली, आन् पाणी आलं शेरडू मुतल्यागत.

"उलटी फिरतीया," फौजी म्हनला. "फेज बदल."

आता आमच्या मुलखात मोटार उलटी फिरली की एकच औषध. स्टार्टरला वरनं येणाऱ्या तारांतल्या दोन अदलाबदल करायच्या, मोटार गपगुमान सुलट फिरती. आमच्या आज्यानं ह्येच केलं, बानं ह्येच केलं. म्या डबा बगितला. वरनं पॅनेलच्या दोनच तारा आल्या हुत्या, एक लाल, एक काळी. म्या म्हनलं, वा, निवडायचं बी काम न्हाई. खटका पाडला, लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल, आन् खटका वर केला.

डबा काळाठिक्कर. आकडा न्हाई, आवाज न्हाई, न् शेरडाचं पाणी बी न्हाई.

बायको झेंडवातनं खुरपं घिऊन आली. "जळाला का?"

"न्हाई गं. झोपलाय."

"झोपंल न्हाई तर काय. तुमी थोपाटलासा."

एवढं बोलून ती माघारी झेंडवात गेली. ऊन तर आसं की कळ्यांच्या माना खाली झालेल्या. तिला पाण्याशिवाय दुसरं कायबी मागायचं नव्हतं, आन् तेवढंच म्या बंद पाडलं हुतं.

सांगलीला फोन लावला, मोटार उलटी फिरल्याचं सांगितलं. पंपवाल्यांची एक पोरगी हाय, इंजिनेर. ती म्हनली, व्हिडिओ लावून डबा दावा.

"काका, ही तुमची नाकपुडी हाय. फोन फिरवा."

फोन फिरिवला. तिनं बगितलं आन् म्हनली, "पॅनेलची लाल-काळी कुणी फिरिवली?"

म्या फौजीकडं बगितलं. फौजी आभाळाकडं बगाय लागला.

"परत होती तशी करा," ती म्हनली. "डबा जळत न्हाई तेवढ्यानं, नुस्ता बंद ऱ्हातो. आन् नीट ऐका. वरनं सरळ करंट आत येतोय. खाली मोटारीला जाणारा फिरता ह्यो डबा सोता नवा बनीवतो. तवा अदलाबदल खालच्या तीन तारांतल्या दोघींची करायची, वरच्यांची न्हाई."

"आत्ता करतो," म्हणून म्या पकड घातली.

"थांबा! खटका पाडा आदी. पाडल्याव बी आत करंट साठल्याला आस्तोय. जरा वेळ हात लावू नगा."

आमच्या सासूबाईचं असंच. भांडान मिटलं तरी आत साठल्यालं आसतंय, लगीच जवळ जायचं नसतं. ह्ये मला पक्कं ठावं हुतं, म्हणून हात मागं घिऊन गप उकिडवा बसलो. तिनं सांगितल्याव लाल-काळी जाग्यावर नेली, खालच्या दोन तारा बदलल्या आन् खटका वर केला.

आकडे आलं. मोटार घुमली. आन् पायपातनं पाणी असं उसळलं की फौजीची टोपी भिजली. त्यो बी हसाय लागला, मी बी. पाटातनं पाणी पळत झेंडवात शिरलं आन् बायको त्येच्या म्होरं पळाय लागली, वाफ्यांची दारं मोडत, लुगडं खोचून, पोरीगत. लगीन झाल्यापासनं तिला पळताना म्या पयल्यांदा बगितलं.

मला वाटलं, आता आपला फोटू झाला पायजे. ऊन कललं हुतं. पॅनेलच्या म्होरं छाती काढून हुबा ऱ्हायलो, फौजीनं फोन धरला.

तेवढ्यात झेंडवातनं बायको वराडली, "आवं, पाणी का कमी झालं?"

फौजी म्हनला, "वैनी, ह्येची सावली पॅनेलवर पडलीया."

बायको म्हनली, "मग त्यास्नी घराकडं लावा. मोटार येकटी झ्याक चालती."