आप्पांच्या नावावरचा संग्रह

कल्याणी आमच्या अनगोळातली, माझ्या समोरच्या दारातली. एका कॉलेजात ग्रंथपाल. काकती-खानापूरकडच्या बायकांची गाणी विद्यार्थ्यांकडून रेकॉर्ड करून घेऊन तिनं कॉलेजचा डिजिटल संग्रह उभा केला. कुणी म्हटलं, कुठं म्हटलं, शब्द काय, सगळं ऐकून स्वतः टाइप करायची. गॅसवर डाळ करपली तरी हिच्या कानातले हेडफोन निघत नसत.

संग्रहाचं ऑनलाइन खातं उघडायचं ठरलं, तेव्हा मान संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे आप्पांचा. नारळ त्यांनी फोडला. खात्याला नाव त्यांचं, मोबाइल नंबरही त्यांचाच. आमच्याकडं विजेच्या मीटरपासून लग्नपत्रिकेपर्यंत वडीलधाऱ्याचंच नाव लागतं. कल्याणीलाही त्यात वावगं वाटलं नाही.

दुसरी प्रत ठेवायला तिनं डिस्क मागितली, तर ऑफिसातले उपेंद्र हसले, "मॅडम, कॉम्प्युटरात काय उंदीर शिरतोय व्हय?"

मग आप्पा गेले. बारावं झाल्यावर मुलानं त्यांचं सिम बंद केलं. खात्याची मुदत वाढवायच्या सूचना आप्पांच्या मेलवर येत राहिल्या. उघडणार कोण? संग्रहाचं पान उघडेना, तेव्हा कल्याणीला कळलं. ओटीपी जायचा बंद नंबरवर. मृत्यूचा दाखला, संस्थेचं पत्र, सगळं धाडलं. कंपनीचं उत्तर आलं, मुदत संपल्यामुळं सगळं कायमचं पुसलं आहे.

त्याच आठवड्यात काकतीचा महादेव तिच्या घरी आला. उद्यमबागेत फौंड्रीत असतो. त्याची आई मालुबाई. तिची हळदीची गाणी संग्रहात होती. मालुबाई आता हयात नाही.

"आक्का, पोरीची हळद हाय. म्हातारीचं गाणं लावूया म्हणतो. माझा फोन भरलाता, तवा त्यातलं पुसलं बघा. म्हटलं, कॉलेजात हाय की."

कल्याणीनं खरं ते सांगितलं. त्यानं विचारलं,

"शबुद तरी हाईत?"

शब्द तिला पाठ होते. तिनं सावकाश, अख्खं गाणं म्हटलं. मी दारातच उभी होते.

"शबुद हेच," महादेव म्हणाला. "पर मधी दम लागायचा तिला. खोकायची, हसायची, मग फुडं. ते न्हाय ह्यात."

हळदीला शेवटी डॉल्बी लावली. बोलावणं असूनही कल्याणी गेली नाही.